चमचा गेला, डबा राहिला

इंदूरच्या कुठल्याही बऱ्यापैकी हॉटेलातून दोन माणसांचं जेवण पार्सल मागवा आणि ओट्यावर एकेक वस्तू मांडून बघा. डाळीचा काळा डबा, त्याचं पारदर्शक झाकण, तसाच भाजीचा दुसरा. रबर लावून बांधलेली चटणीची पिशवी, लोणच्याची पुडी, पोळ्यांभोवती अॅल्युमिनियमची फॉइल. पातळ फिल्मच्या पाकिटात एक लाकडी चमचा. आणि हे सगळं ज्यात आलं ती ‘कापडी’ म्हणून दिलेली पिशवी. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर १ जुलै २०२२ पासून देशभर लागू असलेल्या बंदीने या पसाऱ्यातली एकच वस्तू खऱ्या अर्थाने बदलली, ती म्हणजे चमचा. पूर्वीचा प्लास्टिकचा चमचा फार तर दोन ग्रॅमचा. अर्ध्या लिटरचा डबा झाकणासकट वीस-पंचवीस ग्रॅमचा, आणि त्याला कायद्याने हातही लावलेला नाही.

हा कायदा मोडला जातो ही तक्रार सगळेच करतात. आमची तक्रार वेगळी आहे. तो तंतोतंत पाळला तरी खरकट्याबरोबर टोपलीत जाणाऱ्या ढिगाची उंची फारशी कमी होत नाही, कारण तो वस्तूंची नावं घेतो आणि वापराला हात घालत नाही.

१२ ऑगस्ट २०२१ ची केंद्राची अधिसूचना बघा. खाद्यव्यवसायाशी संबंध येणाऱ्या मुख्य वस्तू त्यात अशा आहेत: प्लेट, कप, ग्लास, काटा, चमचा, सुरी, स्ट्रॉ, ट्रे, ढवळायची काडी आणि मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची फिल्म. झाकणाचा डबा यात नाही. आतून प्लास्टिकचा थर असलेल्या कागदी कपाचंही नाव नाही. महाराष्ट्राने तो २०२२ मध्ये स्वतंत्रपणे बंद केला, तामिळनाडूने त्याआधीच. चटणीच्या पिशवीला मूठ नसल्यामुळे ती ‘कॅरीबॅग’ ठरत नाही, आवरण ठरते, आणि आवरणाला जाडीची अट ५० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे हातात धरायची पिशवी १२० मायक्रॉनची हवी आणि तिच्या आतली, गरम सांबाराला थेट चिकटलेली, ५० ची चालते.

जाडीच्या नियमाचं गणित एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. ३० बाय ४० सेंटीमीटरची पिशवी घ्या. दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ २४०० चौरस सेंटीमीटर. पॉलिथिनची घनता ०.९२ धरली तर २० मायक्रॉनच्या पिशवीत साधारण साडेचार ग्रॅम प्लास्टिक असतं, ५० मायक्रॉनच्या पिशवीत ११ आणि १२० च्या पिशवीत साडेसव्वीस. जाड पिशवी महाग पडते, म्हणून दुकानदार ती फुकट देणार नाही आणि गिऱ्हाईक ती पुन्हा वापरेल, हा तर्क भाजीबाजारात काही अंशी चालतो. हॉटेलात चालत नाही, कारण पिशवीचे पैसे बिलात ‘पॅकिंग’ म्हणून आधीच लागलेले असतात आणि तिच्या तळाशी रस्सा सांडलेला असतो. तेलकट पिशवी कोण घडी घालून ठेवतं? एक जाड पिशवी सहा पातळ पिशव्यांइतकी, म्हणून ती सहा वेळा वापरली गेली नाही तर नियमाने प्लास्टिक वाढवलं असाच अर्थ होतो.

मध्य प्रदेशात हे गणित कागदोपत्री लागूच होऊ नये, कारण राज्याने पॉलिथिनच्या कॅरीबॅगवर २०१७ मध्येच बंदी घातली. त्या रिकाम्या जागेत शिरली ती न विणलेली, खडबडीत, ठिपक्या-ठिपक्यांची रंगीत पिशवी. लोक तिला कापडी म्हणतात. ती पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे डाळीचा डबा ज्याचा बनतो त्याच प्लास्टिकच्या तंतूंची. ओळखायला प्रयोगशाळा नको. एक धागा ओढून काडेपेटीची ज्योत लावा. सुती धागा जळून राख होतो, कागद जळल्यासारखा वास येतो. हा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाशी टणक गोळी होते. केंद्राच्या नियमात या पिशवीला ६० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाची अट आहे. बाजारात मिळणारी त्याहून हलकी असेल तर दोन फेऱ्यांत तिच्या शिवणी उसवतात आणि तंतू सुटून नालीत जातात. सबंध प्लास्टिकची पिशवी निदान वेचता तरी येते.

कागदी कपाची गोष्ट याहून नाजूक. चहा कागदात टिकत नाही, म्हणून आत पॉलिथिनचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये असा कप तपासला. ८५ ते ९० अंशांचं १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवल्यावर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक-कण उतरले. चहा पंधरा मिनिटं कोणी कपात ठेवत नाही, हे मान्य. पण प्लास्टिकचा कप काढून त्याच्या जागी आलेला कप प्लास्टिकमुक्त आहे हा समज त्या निष्कर्षापुढे टिकत नाही. भंगारवाल्याला तर हा कप दोन्हीकडून नकोसा: कागदाच्या लगद्यात प्लास्टिक येतं आणि प्लास्टिकच्या गाठोड्यात कागद.

यावर उत्तर म्हणून विकलं जातं ते ‘कंपोस्टेबल’, म्हणजे मक्याच्या स्टार्चपासून केलेलं पीएलए. त्याला बंदीतून सूट आहे, प्रमाणपत्र असेल तर. या प्रमाणपत्रामागची चाचणी ५८ अंशांच्या आसपास, खेळती हवा देऊन, आठवडेच्या आठवडे चालते. साधं पीएलए स्वतः ६० अंशांजवळ मऊ पडतं, म्हणून त्याच्या पेल्यात गरम चहा ओतला की पेला बसतो. आणि इंदुरात हे कुजणार तरी कुठे? आपला ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. दिवसाला ५५० टन क्षमतेचा हा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. तिथल्या बंद टाक्यांत हवेविना वायू तयार होतो; कंपोस्टच्या खुल्या, हवेशीर, तापलेल्या ढिगासारखी ती जागा नाही. त्याआधीच, टाकीत माल सोडण्यापूर्वी, प्लास्टिक दिसेल ते बाहेर काढलं जातं. मक्याचा चमचा आणि पेट्रोलियमचा चमचा यांत डोळ्यांना काय फरक दिसणार? दोन्ही बाजूला पडतात. सुक्या कचऱ्यात गेला तरी तो तिथल्या प्लास्टिकशी वितळून एकजीव होत नाही आणि माल बिघडवतो. ज्या शहरात औद्योगिक कंपोस्टची वेगळी साखळी नाही तिथे हा चमचा म्हणजे महागडा कचरा.

उसाच्या चिपाडाच्या प्लेटा आणि पळसाच्या पत्रावळी यांना आमचा विरोध नाही. बायो-सीएनजीच्या वाटेवर त्या अडत नाहीत. चिपाडाची प्लेट कोरड्या कचोरीला उत्तम. गरम तेलकट रस्सा वीस मिनिटं राहिला की ती खालून ओली होते, आणि गळू नये म्हणून तिला लेप दिला की पुन्हा प्रश्न आलाच. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. स्वस्तातला पर्याय म्हणून काही ठेल्यांवर पोहे-जलेबी पुन्हा वर्तमानपत्रावर आली, हे बंदी घातलेल्या प्लास्टिकपेक्षा वाईट आहे. छपाईची शाई तेलात उतरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये त्याबद्दल इशारा दिला आणि २०१८ च्या पॅकिंगच्या नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाईच केली.

तर मग कायद्याने काय विचारावं? एवढंच, की गिऱ्हाईक इथे खाणार आहे की घेऊन जाणार आहे. आज एकाच यादीत कोंबलेले हे दोन संपूर्ण वेगळे प्रश्न आहेत.

फ्रान्सने पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ दिलं. १ जानेवारी २०२३ पासून तिथे वीस किंवा त्याहून जास्त आसनं असलेल्या ठिकाणी बसून खाणाऱ्याला धुऊन पुन्हा वापरता येणारीच भांडी द्यावी लागतात. पदार्थ कशात द्यायचा नाही याची यादी नाही, मायक्रॉन नाहीत, पीएलएचा वाद नाही. तपासनीसाला मोजपट्टी लागत नाही. तो दारातून डोकावला तरी पुरे. आपल्याकडे हा नियम आणायला अवघड काहीच नाही, कारण थाळी देणाऱ्या बहुतेक हॉटेलांत स्टीलची ताटं आहेतच. अडचण येते ती स्वयंसेवा काउंटर, कॅफे, चाटची दुकानं आणि छप्पन दुकानासारख्या उभ्याने खायच्या जागांची. तिथले मालक एकच मुद्दा मांडतात: धुण्यापेक्षा फेकणं स्वच्छ.

हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये, कारण वाईट धुतलेली प्लेट खरोखरच वाईट असते. बादलीत एकच पाणी, त्यात दोनशे प्लेटा बुचकळायच्या आणि खांद्यावरच्या फडक्याने पुसायच्या, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. नीट धुण्याला यंत्र लागतंच असं नाही, क्रम लागतो. आधी खरकटं रबरी पट्टीने ओल्या कचऱ्याच्या डब्यात खरवडायचं. मग पहिला टब, ४५ अंशांहून गरम साबणाच्या पाण्याचा. साजूक तूप आणि वनस्पती तूप ४० अंशांच्या आसपास वितळतात, त्यामुळे थंड पाण्यात घासणी कितीही फिरवली तरी तवंग प्लेटभर पसरतो, निघत नाही. दुसऱ्या टबात साध्या पाण्याने विसळायचं. तिसऱ्यात क्लोरीन: ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट २० लिटरला ४० मिलिलिटर घातलं की १०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत शंभर भाग, मिळतं, त्यात एक मिनिट बुडवून ठेवायचं. त्यानंतर पुसायचं नाही. जाळीवर तिरपी उभी करून वाळवायची. फडकं लागलं की आधीची सगळी मेहनत पाण्यात.

चूक नेहमी त्याच ठिकाणी होते. विसळण्याचा टब वाचवला की साबण आणि खरकटं क्लोरीनच्या टबात येतं, क्लोरीन त्यातच खर्च होतं आणि प्लेटेवर नुसता वास उरतो. बाटली उन्हात ठेवली तर लेबलवर पाच टक्के असलेलं द्रावण महिन्याभरात कितीतरी उतरलेलं असतं. क्लोरीन मोजायची पट्टी मिळते, ती रोज एकदा बुडवून बघावी. प्लेटा रात्रभर त्या पाण्यात पडून राहिल्या तर स्वस्त स्टीलवर गंजाच्या टिकल्या उठतात. आणि मेलामाइनच्या प्लेटा स्टीलच्या जागी आणू नयेत: हळदीचे आणि पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याचे डाग बसतात, चरे पडतात, गरम आंबट पदार्थ त्यांना मानवत नाही.

मोठ्या जागेला भांडी धुण्याचं झाकणाचं यंत्र परवडतं. एका जाळीत अठरा प्लेटा, एक-दोन मिनिटांचं आवर्तन, शेवटचं विसळणं ८२ अंशांच्या वर आणि जाळीमागे तीन लिटरच्या आसपास पाणी. बोअरचं जड पाणी असेल तर आधी सॉफ्टनर लावा, नाहीतर काही महिन्यांत हीटरवर पांढरं कवच चढतं आणि पाणी ८२ ला पोचणं बंद होतं. यंत्र फिरत राहतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, एवढंच.

पाण्याचा आक्षेप इंदुरात येणारच. नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून आणायचं, ते एक दिवसाआड सोडायचं आणि त्यात कचोरीच्या प्लेटा धुवायच्या? तीन टबांच्या पद्धतीत पाणी वेळच्या वेळी बदलूनही प्लेटेमागे अर्धा लिटर धरा. रात्री तीनशे प्लेटा देणाऱ्या ठेल्याला दीडशे लिटर लागतं. शहरी पाणीपुरवठ्याचं माणशी प्रमाण दिवसाला १३५ लिटर मानलं जातं. म्हणजे एका ठेल्याची रात्र ही सुमारे एका माणसाच्या एका दिवसाच्या पाण्याइतकी. पाण्यापेक्षा ते जातं कुठे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. इंदूर २०२१ मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं ते नाल्यांत जाणारं सांडपाणी अडवून. तेलाचं पाणी पावसाळी नालीत सोडलं तर ते काम उलटं फिरेल. म्हणून धुण्याच्या जागेला तेल अडवणारी टाकी आणि मलवाहिनीचा जोड ही अट नियमातच हवी.

सराफ्याकडे वळू. दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार, रात्री त्याच दुकानांच्या पुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, साबूदाण्याची खिचडी. हा बाजार डिस्पोजेबलवर चालतो त्याचं कारण आळस नाही. ठेल्याला नळ नाही, नाली नाही, पाच-सहा तासांची मुदत आणि पुढच्या सकाळी सराफाला ओटा मोकळा करून द्यायचा. अशा माणसावर ‘भांडी धुवा’ हा नियम लादणं म्हणजे दंडाची वही भरायची सोय. इथे धुण्याची जागा सामायिक हवी आणि ती महापालिकेने उभी करायला हवी, जशी ती कचऱ्याची गाडी उभी करते.

समजुतीपुरता हिशेब करू. तीनशे प्लेटा पाच तासांत, म्हणजे तासाला साठ. प्लेट खाऊन, गोळा होऊन, धुऊन परत यायला दीड तास धरला तर फिरत्या नव्वद आणि हाताशी तीस, अशा एकशेवीस प्लेटा एका ठेल्याला लागतील. लहान स्टीलची प्लेट पन्नास रुपयांना धरा, डिस्पोजेबल दोन रुपयांना, धुलाई प्लेटेमागे एक रुपया. रोज सहाशेऐवजी तीनशे खर्च, आणि सहा हजारांची गुंतवणूक वीस रात्रींत वसूल. कागदावर फार छान दिसतं. आता त्यात हरवणं घाला. रात्री दोन टक्के, म्हणजे सहा प्लेटा गेल्या की तीनशे रुपये गेले आणि सगळी बचत शून्य. अर्धा टक्का हरवल्या तर पंचाहत्तर रुपये जातात आणि हिशेब जमतो. सगळं यश या दीड टक्क्यात आहे, पाण्यात किंवा साबणात नाही.

आणि सराफ्यात प्लेटा हरवणारच, कारण तिथे कोणी एका जागी उभं राहून खात नाही. एका हातात दहीवडा घेऊन माणूस पुढच्या ठेल्यावर जिलबीचा भाव विचारत असतो. म्हणून प्रत्येक ठेल्याच्या वेगळ्या प्लेटा हा बेत पहिल्याच शनिवारी मोडेल. सगळ्या बाजाराच्या प्लेटा एकाच मापाच्या, एकाच मालकीच्या, आणि परतीचे टब गल्लीच्या तोंडांशी, जिथून बाहेर पडल्याशिवाय गत्यंतर नाही तिथे. ठेलेवाल्याने प्लेट विकत घ्यायची नाही. धुतलेल्या प्लेटांची चळत सायंकाळी भाड्याने घ्यायची.

जेवण घेऊन जाणाऱ्यांच्या बाबतीत काम सावकाश होईल, हे मान्य करून चालावं. चमचा, टिश्यू आणि चटणी मागितल्याशिवाय द्यायची नाही, हा नियम उद्या करता येईल. कॅलिफोर्नियात चमच्यांबाबत तो जून २०२२ पासून आहे. गिऱ्हाइकाने आणलेला स्वच्छ डबा नाकारायचा नाही, हा दुसरा. हॉटेलवाले इथे बिचकतात, उद्या पोट बिघडलं तर दोष कोणाचा म्हणून. तेव्हा नियमातच लिहावं की डब्याची जबाबदारी आणणाऱ्याची, डबा काउंटरपलीकडे स्वयंपाकघरात जाणार नाही, पळी डब्याच्या काठाला लागणार नाही आणि वजन रिकामा डबा वजा करूनच होईल. श्रीखंडाला घरून डबा नेण्याची रीत रामबाग-राजेंद्रनगरच्या मराठी घरांना समजावून सांगायला नको.

अनामत ठेवून डबा परत घेण्याची पद्धत डिलिव्हरीत लगेच जमेल असं आम्हाला वाटत नाही. घेऊन येणारा मुलगा पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. ठरलेल्या घरी रोज जाणाऱ्या डब्यांपासून मात्र ती सुरू करता येते. भंवरकुआँच्या क्लासच्या मुलांना मेसचा डबा रोज त्याच खोलीवर जातो. आजचा भरलेला द्यायचा, कालचा रिकामा घ्यायचा, ही पद्धत जुनीच आहे आणि अनामतीचीही गरज पडत नाही. तिथे अलीकडे शिरलेला काळा डबा आधी हटवावा. अनामत खुल्या विक्रीतही चालते हे नीलगिरीत दिसलं: दारूच्या बाटलीवर दहा रुपये जास्त घ्यायचे आणि रिकामी बाटली आणल्यावर परत द्यायचे, हे तिथे २०२२ मध्ये सुरू झालं. डब्याचं एक दुखणं मात्र त्या काचेच्या बाटलीला नव्हतं. झाकणाच्या आतली रबरी कडी काढून धुतली नाही तर लसणाचा वास तिच्यात राहतो आणि पुढच्या माणसाचा शिरा फोडणीचा लागतो.

इंदूर २०१७ ते २०२३ देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात सलग पहिलं आलं, आणि या चर्चेत हाच मोठा अडसर झाला आहे. सराफा उठल्यावर झाडणारे हात येतात, पहाटेपर्यंत गल्ली लख्ख होते. आदल्या रात्रीच्या हजारो प्लेटा कोणाला दिसतच नाहीत, मग त्या नकोत असं कोणाला का वाटावं? उचलण्यात तरबेज झालेल्या शहराला टाकणं कमी करायचं कारण सापडत नाही.

सराफ्यातल्या त्या दीड टक्क्याचं उत्तरही फार लांब नाही. बर्तन बाजार तिथून पायी काही मिनिटांवर आहे. घरची ताटं-वाट्या घेतल्या की दुकानदार विजेच्या पेनाने पाठीवर नाव घालून देतो आणि नाव घातलेलं भांडं कोणाच्याही घरी गेलं तरी फिरून मालकाकडे येतं. बाजाराच्या प्लेटांवर तसंच ‘सराफा’ आणि आकडा कोरून घ्यायचा, आणि रोज सकाळी धुण्याच्या जागेवर मोजून फळ्यावर लिहायचं: काल गेल्या किती, आल्या किती.